मैंदर्गीच्या रस्त्यावरचा कवी

दगडावर नावं कोरणं हा आमचा धंदा. सोलापुरातून अक्कलकोट रोडला लागलं की डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड आहे. तिथं माझे वडील बसायचे, आता मी बसतो. कोनशिला, शाळांच्या पाट्या, समाध्या, कबरी, बंगल्यांची नावं असं सगळं कोरतो. हल्ली बहुतेक काम मशीनवर निघतं, पण कुणी हातचंच हवं म्हणालं तर ते माझ्याकडे येतं. जन्मभर दुसऱ्यांची नावं कोरत आलो म्हणून असेल, पण या लिखाणात मी कुणाचंच नाव घेणार नाही.

आमच्या गावाला दगड चार लिप्यांत लागतो. मराठी मला येते. कन्नड वाचता येतं, अर्थ अर्धामुर्धा कळतो. तेलुगू आणि उर्दू मात्र मी चित्र उतरवावं तसं उतरवतो. त्यासाठी वडिलांनी एक रीत घालून दिली होती. दगडावर गेरूनं अक्षरं उमटवली की छिन्नी लावण्याआधी त्या भाषेचं माणूस बोलवायचं. तेलुगूसाठी मागच्या गल्लीतल्या विणकरांच्या घरातल्या आजी येतात. उर्दूसाठी एक रिटायर मास्तर येतात. ते अक्षरांवरून बोट फिरवत मोठ्यानं वाचतात, "बरोबर" म्हणतात, आणि मग मी हातोडी उचलतो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा सांगायचे, "शंका आली तर इचारावं. इचारायला माणूस नसंल तर थांबावं. दगडाला खोडरबर नसतंय."

हे मी तीस वर्षं पाळलं. एकदा नाही पाळलं, त्याची ही गोष्ट.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी शेडपुढं रिक्षा थांबली आणि काठी टेकत एक बाई उतरल्या. वय पंचाहत्तरच्या आसपास, पांढरी सुती साडी, काखेत पुठ्ठ्याची लांब नळी. आपली ओळख त्यांनी स्वतःच करून दिली. मूळ गाव मैंदर्गी, घरची भाषा कन्नड, जन्म गेला सोलापुरात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात. लग्न केलं नाही. सगळं शहर त्यांना बाईच म्हणत असणार, मीही लगेच बाईच म्हणायला लागलो.

त्यांनी नळीतून कागद काढला आणि माझ्या कामाच्या फळीवर पसरला. तीन-साडेतीन फूट लांब, पातळ, तंतुमय कागद होता. सगळा काळा, आणि त्या काळ्यात वरून खाली उतरत गेलेल्या पांढऱ्या अक्षरांच्या तीन ओळी. अक्षरं एकमेकांत गुंतलेली, वेल भिंतीवरून खाली सोडावा तशी.

"हे जपानी आहे," बाई म्हणाल्या. "तिकडच्या एका फार जुन्या कवीची कविता. तो पायी हिंडायचा आणि हिंडता हिंडता लिहायचा. तीनच ओळी. त्याला हायकू म्हणतात. तो ज्या ज्या गावावरून गेला तिथं तिथं लोकांनी त्याच्या नावानं दगड उभे केलेत. शेकडो वर्षांनीसुद्धा करतात. माझ्या मैत्रिणीच्या गावी एक आहे. दगडावर ओला कागद बसवून, वरून शाई थोपटून तिनं हा ठसा घेतला आणि मला पाठवला."

ही मैत्रीण त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. कॉलेजात असताना एका मासिकातून पत्ता मिळाला आणि पत्रं सुरू झाली. दोघी शिक्षिका, दोघी इंग्रजीतून लिहायच्या, ते जवळपास पन्नास वर्षं चाललं. तीन वर्षांपूर्वी मैत्रीण वारली. तिच्या मुलीनं चार ओळींचं पत्र पाठवून कळवलं.

"मला असाच्या असा दगड हवाय," बाई म्हणाल्या. "मैंदर्गीत आमचं शेत रस्त्याला लागून आहे. बांधावर कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली लावायचा. खाली मराठीत आणि कन्नडात कवीचं नाव. लवकर करा. फेब्रुवारीत माझं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी उभा राहिला पाहिजे."

मी कागदावरून हात फिरवला. इतकी वर्षं अक्षरं कोरली, पण असलं अक्षर हाताखाली आलं नव्हतं. मी हो म्हणालो.

जवळच्या खाणीतून काळा पाषाण आणला, घासून तोंड सपाट केलं. कागदाला हात लावायचा नव्हता, म्हणून वर ट्रेसिंग पेपर ठेवून एकेक अक्षर उतरवत गेलो. अडचण ही होती की ठशाच्या कागदावर दगडातलं सगळंच पांढरं उमटतं. अक्षर पांढरं, टवका पांढरा, तडाही पांढरा. मूळ दगडाला उजव्या खांद्यापासून एक तडा गेलेला होता. तो तिरका खाली येत मधल्या ओळीपर्यंत पोचला होता. तिथून पुढं एक वीतभर सरळ रेघ खाली गेलेली होती. तडा वळून खाली गेलाय, की ती रेघ वेगळी आहे? मी बराच वेळ बघत बसलो. तडा वळतो, हे मी हजारदा पाहिलंय.

बाईंना फोन केला. "बाई, मधल्या वळीत एक सरळ रेघ हाय. अक्षराची हाय का तडा हाय, ते कळंना."

"मला जपानी कुठं येतंय हो मिस्त्री?" त्या म्हणाल्या. "जसं आहे तसं उतरवा. आणि झालं कुठपर्यंत? दिवस राहिले नाहीत."

त्या एक दिवसाआड फोन करायच्या. त्यांच्या आवाजात कसली तरी घाई असायची, ती माझ्या हातात उतरायची. जसं आहे तसं म्हणजे काय, असं मी स्वतःशीच वाद घालत होतो. मग तडापण कोरू का? टवकेपण कोरू? अक्षर ते अक्षर, जखम ती जखम. शेवटी ठरवलं की तडाच आहे तो. सोडून दिला. खरं कबूल करायचं तर, थांबायला पाहिजे होतं. तरी मी थांबलो नाही.

जानेवारीच्या शेवटी ट्रॅक्टर-ट्रॉलीतून दगड मैंदर्गीला नेला. शेत वाट्यानं करणारं जोडपं, शेजारपाजारचे चार-पाच शेतकरी, बाईंच्या जुन्या दोन विद्यार्थिनी, एवढीच माणसं. बाईंनी नारळ फोडला, आधी कन्नडात आणि मग मराठीत दोन-दोन वाक्यं बोलल्या. एका म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, "कंच्या देवाचा म्हनायचा ह्यो?"

"देव न्हाय आजोबा. कवी हाय. जपानचा."

"हितं आलता का?"

"न्हाय."

"मग दगड हितं कसा?"

बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "चालत असता तर आलाच असता." म्हातारा मान डोलावून गेला. बाई दगडापुढं उभ्या होत्या, तोंडावर हसू होतं, पण हातातली काठी सारखी जमिनीवर टोचत होत्या.

दोन आठवड्यांनी मी ठशाचा कागद परत करायला काढला. बाईंचं ऑपरेशन झालं होतं, त्या घरी आल्या होत्या. सकाळचं ऊन तिरकं शेडमध्ये येत होतं. कागद फरशीवर पसरून गुंडाळायला लागलो आणि गुंडाळता गुंडाळता हात थांबला. ती सरळ रेघ बरोबर उन्हात आली होती. वर टेकलेली, मध्ये भरलेली, आणि खाली निमुळती होत सुटलेली. तडा असा नसतो. तड्याच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या असतात, त्याला सुरुवात नसते आणि शेवट नसतो. ही रेघ कुणाच्या तरी हातातून सुटली होती. तडा येऊन तिच्या डोक्याला चिकटला होता, इतकंच.

मी खाली बसलो.

त्या दिवशी हाताला काम लागेना. दुपारी मोटारसायकल काढली आणि सरळ मैंदर्गीला गेलो. जायला दीड तास लागला. मधल्या ओळीत जिथं ती रेघ असायला हवी होती तिथं वीतभर कोरी जागा होती. दगड उभा करताना ती मला दिसली नव्हती, आता दुसरं काही दिसेना. शेत करणाऱ्या बाई डोक्यावर वैरण घेऊन येत होत्या. मला तसं उभं बघून त्यांनी कन्नडातून विचारलं, "येनायतु?" काय झालं म्हणून. मी म्हणालो, काही नाही, बघायला आलो होतो. पाणी प्यालो आणि परत फिरलो.

महिन्याभरात मी असा चार वेळा जाऊन आलो. जाऊन करायचं काहीच नसायचं. दगडापुढं उभा राहायचो, जागेवर बोट फिरवायचो, परत यायचो. शेडमध्ये छिन्नी हातात घेतली की उठून पाणी प्यावंसं वाटायचं. पाणी प्यालं की रस्त्यावर जाऊन उभं राहावंसं वाटायचं. एका बंगल्याचं 'मातोश्री' कोरताना 'मा'चा काना गाळला. तीस वर्षांत पहिल्यांदा दगड फुकट गेला. बायको डबा घेऊन आली तेव्हा मी तो दगड पालथा घालत होतो.

"अवो, ध्यान कुटं हाय तुमचं?" ती म्हणाली. "जेवताना बी बोटानं ताटलीवर रेघा मारताय."

तिला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. "मग बाईंना सांगून टाका की."

"आधी नक्की तर कळू दे. तडाच असला तर उगं कशाला?"

"तुमाला कळलंय," ती म्हणाली. "नक्की करायचं न्हाय तुमाला. सांगायचं टाळायचंय."

माझी मुलगी पुण्यात एका कंपनीत आहे. तिला ट्रेसिंगचा फोटो पाठवला. तिनं फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवर टाकून बघितलं. पहिल्यांदा ॲप म्हणालं, 'मासे विकणे आहे'. दुसऱ्यांदा, 'रांगेत उभे राहावे'. तिसऱ्यांदा गप्पच बसलं. मग तिनं ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला दाखवलं. तो जपानी शिकलेला होता.

"पप्पा, तो म्हणतो ही जुनी घसरती लिपी आहे. आजच्या जपानी माणसालासुद्धा ती धड वाचता येत नाही. आपल्याला मोडी जशी."

"मग आता?"

"तुमच्या बाईंच्या मैत्रिणीची मुलगी आहे ना? तिलाच विचारा."

पत्ता माझ्याकडे होता, ठशाच्या नळीवर चिकटवलेला. मैत्रिणीचाच पत्ता, पण घर तर तेच असणार. माझ्या मुलीनं इंग्रजीत पत्र लिहून धाडलं, ट्रेसिंगचा फोटो जोडला, त्या रेघेभोवती लाल गोल काढला, खाली आपला ईमेल दिला. मी पोस्टात टाकलं. बाईंना यातलं काही सांगितलं नाही. ठशाचा कागद परत द्यायला गेलो तेव्हासुद्धा नाही. त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. "मिस्त्री, किती सुंदर झालाय हो दगड," म्हणाल्या. मी चहा अर्धा टाकून उठलो.

दीड महिना गेला. पोस्टमन दिसला की मी उभा राहायचो, उत्तर ईमेलवर येणार हे माहीत असूनही. एप्रिल संपत आला. ऊन असं की शेडचा पत्रा दुपारी कडकड वाजायचा. एका सकाळी मुलीचा फोन आला.

"पप्पा, उत्तर आलं. ते अक्षर आहे."

मी हातोडी खाली ठेवली.

"ऐकताय ना? तिच्या आईच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी वाचून सांगितलंय. 'शि' असा उच्चार. शब्दाचं शेवटचं अक्षर आहे ते, त्याच्याशिवाय शब्द अर्धा राहतो. लहान मुलं शिकतात त्यातलं सगळ्यात सोपं अक्षर, म्हणाले. नुसती एक रेघ." ती थांबली. "आणि पप्पा, आणखी एक लिहिलंय, ते मला नीट कळलं नाही. तिची आई म्हणायची की भारतातल्या मैत्रिणीनं हा दगड बारा वर्षांपूर्वीच उभा केलाय. म्हणून ती विचारतेय, तुम्ही त्या जुन्या दगडाची दुरुस्ती करताय का?"

मलाही कळलं नाही. दगड तर आत्ता जानेवारीत उभा केला. इंग्रजीतून लिहिण्यात काहीतरी चूक झाली असेल, असं वाटलं. मुलीनं मेल आणि तिकडून आलेला मूळ दगडाचा फोटो पाठवला. संध्याकाळच्या तिरक्या उन्हात काढलेला होता. तडा वेगळा, रेघ वेगळी. आंधळ्यालाही कळावं. झेरॉक्सच्या दुकानात दोन्हींचे प्रिंट काढले आणि तसाच बाईंच्या घरी गेलो.

त्या वॉकर धरून घरातल्या घरात फेऱ्या मारत होत्या. मी म्हणालो, "बाई, बसा. मला सांगायचंय काहीतरी." आणि सगळं सांगितलं. फोन केला होता तो, मग मी मनानंच ठरवलं ते, उन्हात रेघ दिसली ते, जपानला पत्र पाठवलं ते. प्रिंट त्यांच्या हातात दिले.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. वाचता वाचता मध्येच थांबल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, रेघेपाशी आल्या.

"तिकडं लिहायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मी गोंधळलो. "बाई, रेघ ऱ्हायली म्हणून..."

"रेघ राहिली ती राहिली. मला का नाही विचारलं? मी काय मेले होते?"

"तुमाला जपानी येत न्हाय म्हणून म्हटलं..."

"मला जपानी येत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "तुम्हाला मराठी येतं ना? 'जसं आहे तसं' याचा अर्थ काय होतो?"

मी मान खाली घातली. बाईंनी प्रिंट टेबलावर उपडे ठेवले.

"जा तुम्ही आता," त्या म्हणाल्या. "मी येईपर्यंत दगडाला हात लावायचा नाही."

सांगितल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. डॉक्टरांनी बाईंना आणखी महिनाभर गाडीत बसायचं नाही सांगितलं होतं. तो महिना मी येरझाऱ्यांत घालवला. फोटोवरून ती एक रेघ वेगवेगळ्या दगडाच्या तुकड्यांवर कोरून बघायचो. वर टेकवायची, मध्ये भरायची, खाली सोडायची. एक रेघ काय ती, पण साधेना. खाली सोडताना छिन्नी अडायची आणि शेवट बोथट व्हायचा. अशा वीस-पंचवीस रेघा कोरल्या असतील. बाईंचा फोन आला नाही. आधी त्यांच्या फोनांनी जीव खाल्ला होता, आता फोन येत नाही म्हणून जीव खालीवर होई.

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी त्यांचा फोन आला. फक्त एवढंच म्हणाल्या, "उद्या. उन्हाच्या आधी."

आम्ही भाड्याच्या गाडीनं निघालो. मैंदर्गीत पोचलो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. लिंबाखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकली, त्यांना बसवलं. मी ट्रेसिंग लावलं, मागून गेरू घासून रेघ दगडावर उतरवली आणि फोटो बाईंच्या हातात दिला. त्यांनी फोटो आणि दगड तीन-चारदा ताडून पाहिला. "थोडी उजवीकडे," म्हणाल्या. खरंच, केसभर उजवीकडे हवी होती. पुसून परत उतरवली. "आता बरोबर," त्या म्हणाल्या.

मी छिन्नी लावली. पाच-सहा ठोके पडले असतील, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"बारा वर्षांपूर्वी तिनं हा ठसा पाठवला. लिहिलं होतं, तुझ्या गावी दगड लाव, म्हणजे दोन्हीकडे एकच कविता उभी राहील. मी भावाला विचारलं. शेत तो बघायचा. तो म्हणाला, शेतात असली थेरं नकोत. आणि मी तिला लिहून टाकलं की लावला."

मी ठोकायचा थांबलो.

"थांबू नका," त्या म्हणाल्या. मी परत ठोकायला लागलो.

"का लिहिलं, मला अजून सांगता येत नाही. लाज वाटली असेल. चाळीस वर्षांची मैत्री, तिला कसं सांगायचं, माझ्या भावाच्या घरात माझं एवढंही चालत नाही? आणि मग ती दर पत्रात विचारायची. कसा आहे दगड? शेवाळ आलं का? मग मी लिहीत गेले. साळुंक्या बसतात. लिंबोळ्या पडतात. शाळेला जाणारी पोरं वाचायचा प्रयत्न करतात. दर पत्रात एक नवीन. ती खूश व्हायची. पुढं ती आजारी पडली, तेव्हा तिनं लिहिलं होतं की तुझा दगड बघायला यायचं राहून गेलं."

मी मागं वळून पाहिलं नाही. पाहवेना.

"ती गेली. मग भाऊही गेला, शेत माझ्याकडे आलं. म्हटलं, निदान लिहिलेलं तरी खरं करावं. तर तेही अर्धं निघालं. म्हणून त्या दिवशी तुमच्यावर एवढी चिडले. तुमची चूक होतीच. पण त्या कागदात माझीसुद्धा होती, आणि ती तुम्ही माझ्या हातात आणून दिलीत."

"मला ठाऊक न्हवतं बाई."

"ठाऊक नव्हतं म्हणूनच तर आणून दिलीत."

मी रेघेच्या शेवटाशी आलो होतो. श्वास धरला, छिन्नी आडवी केली, हलके हलके वर उचलत गेलो. शेवट सुटला. मी मागं सरकून बघितलं. नवीन कोरलेला दगड पांढुरका दिसतो. बाकीची अक्षरं चार महिन्यांत मळून करडी झाली होती, त्यांच्यामध्ये ही रेघ एकटीच उठून दिसत होती.

"ही अशीच दिसत राहणार का?" बाईंनी विचारलं.

"दोन-तीन पावसाळे जातील. मग मिसळंल."

त्या वॉकर धरून उठल्या, दगडाजवळ आल्या, हात न लावता बराच वेळ बघत राहिल्या. शेत करणाऱ्या बाईंनी चहा आणला. चहा पिताना आमच्या बाईंनी मला एकदम विचारलं, "त्या मुलीला काय लिहू? दुरुस्तीच होती म्हणून लिहिलं तर मिटेल सगळं. तुम्ही काय केलं असतं?"

"बाई, मी अडीच-तीन म्हयने तुमच्यापासनं लपवलं. मला इचारू नका."

त्या हसल्या. दगड लावल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना तसं हसताना पाहिलं. पण लगेच परत गंभीर झाल्या आणि सोलापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्यांनी खरं तेच लिहिलं. मेल नाही, हातानं पत्र. चार दिवस लागले म्हणाल्या, पाच कागद फाडले. सोबत रेघ कोरलेल्या दगडाचा फोटो जोडला. पत्र पोस्टात टाकायला मलाच पाठवलं आणि टाकून आल्यावर दोनदा विचारलं, नीट टाकलं ना म्हणून.

उत्तर जुलैत आलं. दोन ओळींचं. 'तुमचं पत्र मिळालं. आईच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं.' बास. खाली सही.

बाईंनी मला बोलावून घेतलं आणि ते पत्र हातात दिलं. "यातून काय कळतं तुम्हाला?"

मी दोनदा वाचलं. मुलीकडून शिकून शिकून तेवढं इंग्रजी मला वाचता येतं. "वाचून दाखवलं म्हणतात."

"ते मीही वाचलं. पण कसं? रागानं, की प्रेमानं? माफ केलं म्हणत नाही, नाही केलं असंही म्हणत नाही. मी तेहतीस वर्षं मुलींच्या निबंधांवर लाल शाईनं 'अर्थ स्पष्ट करा' लिहिलं हो. आता ते कुणाला लिहू?"

मी म्हणालो, तिकडची माणसं कमी बोलत असतील. त्या म्हणाल्या, हिची आई भरपूर बोलायची, आठ-आठ पानं लिहायची. मग पत्राची घडी घातली, परत उघडली, परत घातली.

परवा माझ्या मुलीचा फोन आला. हसत होती. "पप्पा, तुमच्या बाईंनी मला फोन केला होता. पासपोर्ट कसा काढतात, विचारत होत्या."

मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. टेबलावर कागदांचा ढीग पडलेला, बाई वॉकरशिवाय उभ्या राहून कपाटाचे खण उपसत होत्या.

"बाई, गुडघा?"

"गुडघा चालतोय," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "जन्मदाखला सापडत नाही. मैंदर्गीच्या शाळेत दाखल्याचं रजिस्टर असेल, नाही का? तुम्ही सोमवारी मोकळे आहात?"

मी म्हणालो, मोकळा आहे. खरं तर दोन कोनशिला सोमवारीच द्यायच्या होत्या.